तिसरी किल्ली

९ फेब्रुवारी

रंगारीबुवा,

अरे, आपली गल्ली पेपरात आली! परवा दुकानात एक गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर काढायला आलं आणि हातातली रविवारची पुरवणी बाकावरच विसरून गेलं. मी ती उचलली काचा गुंडाळायला, आणि बघते तर पान भरून रंगीत फोटो. वर मथळा, ‘एकेकाळची ओसाड वस्ती आता चित्रांची वस्ती.’ ओसाड? म्हणजे आपण काय तिथे भुतं होतो? हां, दिवे नव्हते, गटारं उघडी होती, टॅक्सीवाले मोठ्या रस्त्यावरच उतरवून द्यायचे, हे सगळं खरं. पण माणसं होती की नाही? आणि तू एवढा तिथेच राहतोस, भिंतींवर हात फिरवणं हाच तुझा धंदा, आणि मला हे परक्या माणसाच्या पेपरातून कळावं?

आईला दाखवलं. तिचा नंबर पुन्हा वाढलाय, आमच्या दुकानातली सगळ्यात जाड काच तिला लागते, आणि तरी फोटो म्हणजे तिला नुसते डाग. तिने पान नाकाशी धरलं, उजेडाकडे वळवलं आणि एवढंच विचारलं, “ह्यात गोदामाची भिंत कुठेय?”

मी म्हटलं, ती ह्यात नाही आली.

खरं सांग, यंदा अक्षरं उजळलीस ना? दर जानेवारीत बारक्याच्या वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी तू शिडी लावतोस आणि मग ‘उजळली’ असं पत्र येतं, तेव्हा कुठे आईचं वर्ष सुरू होतं. यंदा फेब्रुवारीचा आठवडा उलटला तरी पत्राचा पत्ता नाही. अकरा वर्षं झाली धाकट्याला घर सोडून जाऊन. घर पाडलं त्यालाही नऊ झाली. पण भिंतीवरचं ते वाक्य ती अजून रोज एकदा तरी पुटपुटते. ‘बारक्या, घर पाडलं. आम्ही मागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीसमोर, दुसरा मजला. ये.’ भाजी निवडतानाही म्हणते. मला कधीकधी वाटतं, ओरडावं तिच्यावर. ओरडत नाही.

आणि हो, तिच्या औषधाच्या डब्यात जुन्या घराची किल्ली अजून आहे. काल गोळ्या काढताना हातात आली. तू तिन्ही किल्ल्यांच्या डोक्यावर हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका दिला होतास, आठवतं? म्हणे आपल्या किल्ल्या हजारांत ओळखू येतील. घर राहिलं नाही, ठिपका आहे.

आई म्हणते, एकदा मला तिथे नेऊन आण. मलाही वाटतं, न्यावं. काय म्हणतोस? नेहमीसारखे दोन कागद पाठव, एक तिला वाचता येईल असा मोठ्या अक्षरांत, आणि एक माझा. फोन करू नकोस. तिच्या कानात शिट्ट्या वाजतात आणि तू ‘बरं चाललंय’ म्हणून ठेवून देतोस.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

(आईचा कागद)

आई,
तुझ्या मधल्याचा नमस्कार.
अक्षरं उजळली. यंदा लाल रंग वापरला. लांबून दिसतात.
मी बरा आहे. जेवतो. खोकला नाही.
तू औषधं घे.
मधला

(ताईचा कागद)

ताई,

रागावू नकोस, कामाच्या रगाड्यात पत्र राहिलं. काम म्हणजे हेच, पेपरात आलेलं. चित्रं काढणारे परगावचे, परदेशाचेही, पण भिंत काही आपोआप चित्रासारखी गुळगुळीत होत नाही. पापुद्रे खरवडणं, भेगा भरणं, पुट्टी, घासकाम, मग पांढऱ्याचे दोन हात, हे सगळं करणारा मी. चित्र झालं की त्याच्यावर पारदर्शक थर मारणाराही मीच, म्हणजे ऊनपावसाने रंग उडू नये आणि कुणी वर काही खरडलं तर ओल्या फडक्याने निघावं. बावीस भिंती झाल्या. लोक चित्रासमोर उभे राहून फोटो काढतात. मी म्हणतो, काढा बाबांनो, चित्राच्या पाठीमागे मीच आहे, तुम्हाला दिसत नाही इतकंच.

आईला मात्र आणू नकोस. रस्ते खणून ठेवलेत, फरशी बसवतायत, त्यात शनिवार-रविवार ही गर्दी. तिचा पाय पुन्हा मुरगळला तर? आणि माझा जिना तुला ठाऊक आहे. दोन मजले चढता चढता ती अर्धी होईल.

भिंत आहे जागेवर. काळजी नको.

तुझा भाऊ


५ मार्च

अरे,

तुझा कागद आईने तीनदा वाचला आणि उशीखाली घातला. ‘लाल,’ म्हणाली, ‘लाल बरा. त्याला लाल आवडायचा.’ मग त्या दिवशी चक्क दोन घास जास्त जेवली. तुझ्या एका ओळीत किती जीव आहे, बघ.

आता ऐक. आमच्या मालकांनी काचा घासायचं नवं मशीन घेतलंय. ते शिकायला मला तुमच्या शहरात पाठवतायत, अठरा तारखेला, एकच दिवस. दुपारी दोनला सुटेन, गाडी सातला. मधले पाच तास तुझे आणि गल्लीचे. आईला आणत नाही, तुझं ऐकलं. पण तिने मला काम सांगितलंय. म्हणाली, “तू जा आणि त्या अक्षरांवरून हात फिरवून ये. मग घरी येऊन तो हात माझ्या हातात दे.” आहे की नाही म्हातारी! मी हसले आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

अडीचला तुझ्या जिन्याखाली असेन. काहीतरी खायला करून ठेव. ते तुला जमणार नाही, तेव्हा पाव आणून ठेव.

ताई


११ मार्च

ताई,

अठराला मी नाही. बाहेरगावी एका शाळेच्या भिंती आहेत, चार दिवस तिकडेच मुक्काम. ह्या खेपेला राहू दे, एकटी कुठे फिरशील, सगळं बदललंय. पुढे कधीतरी सवडीने ये, मी स्वतः सगळं दाखवतो. गाडीत बसून सरळ घरी जा.

आईचा कागद वेगळा लिहिला नाही. तिला नमस्कार सांग.

मधला


२१ मार्च

मधल्या,

मी गेले होते.

तू नसताना एकटी काय भटकू, म्हणून मोठ्या रस्त्यावर टोळकं जमतं तिथे जाऊन उभी राहिले. गल्लीची फुकट फेरी असते, हातात छत्री धरलेली एक मुलगी पुढे चालते आणि समजावून सांगते. वीसेक जण होतो. जन्म जिथे काढला तिथे मी पाहुणी म्हणून शिरले. हसू आलं खरं तर, सुरुवातीला.

आणि सुंदर झालंय रे, खोटं कशाला बोलू. वेल्डिंगच्या दुकानाच्या शटरवर ते मोठं झोपलेलं मांजर. जिथे आपण नाक दाबून पळायचो त्या बोळात छतापासून लोंबणारी निळी पानं, आणि पायाखाली कोरडी फरशी. सार्वजनिक नळ होता तिथे कॉफीचं दुकान, आत माणसं मऊ खुर्च्यांत बसलेली. एक म्हातारी खिडकीतून खाली बघत होती, बहुतेक शिवणकामवाली मावशी, पण मी हात केला तर तिला वाटलं मीही फोटोच काढतेय. तिने खिडकी लावून घेतली.

मग गोदाम आलं.

तीन मजली बाई केस विंचरते आहे आणि तिच्या केसांत मासे आहेत. सगळे ‘वा’ म्हणाले. मीही म्हटलं असेल. मला आधी कळलंच नाही मी कुठे उभी आहे. मग खालचा तो तुटका दगडी कठडा दिसला, आपण तिघं बसायचो तो. छत्रीवाली सांगत होती, “ही इथली सगळ्यात घाणेरडी भिंत होती, कुणीतरी काहीबाही खरडून ठेवलं होतं.” सगळे हसले. मी पुढे जाऊन भिंतीला हात लावला. काचेसारखी गुळगुळीत लागली. छत्रीवाली म्हणाली, “मॅडम, प्लीज, हात नका लावू.”

टोळकं पुढे गेलं, मी थांबले. कठड्याच्या बाजूला टपरी आहे, किल्ल्या बनवून देणाऱ्याची. आपलं घर पाडल्यानंतर आलेला दिसतो, सात वर्षं झाली म्हणाला. त्याला विचारलं, इथे अक्षरं होती ती? तो म्हणाला, “तुम्हीपण त्यातल्याच का? आणखी एक जण विचारायचा.”

पुढचं त्याच्याच शब्दांत लिहिते, मला माझे शब्द सुचत नाहीत.

“दर जानेवारीत यायचा बघा. तिशीचा असेल. खांद्याला पिशवी. इथे उभा राहायचा, रंग ताजा आहे का बोट लावून बघायचा, आणि जायचा. एकदा मी म्हटलं, अहो, पत्ता लिहिलाय ना, जा की वर. तर म्हणाला, जाईन, अजून धीर होत नाही. रंगवतो कोण, म्हणून विचारायचा. मी सांगायचो, एक रंगारी येतो शिडी घेऊन. हे ऐकलं की खूश व्हायचा. मला म्हणाला, त्याला काही सांगू नका, मीच जाईन एक दिवस. मी म्हटलं, लोकांच्या घरच्या गोष्टी, आपण कशाला मध्ये पडा?”

मी विचारलं, यंदा आला होता?

“आला होता की. ह्या बाईसमोर बराच वेळ उभा. मला म्हणाला, कुणी पुसलं? मी म्हटलं, ज्याने लिहिलं होतं त्यानेच. मी इथेच बसलेलो ना, रोलर त्याच्याच हातात होता. तर म्हणाला, बरं झालं. आणि खिशातून ही काढून दिली. म्हणाला, पितळ आहे, तुमच्या कामाला येईल.”

त्याने मोडीच्या डब्यात हात घालून मला ती दाखवली. डोक्यावर हिरवा ठिपका.

मधल्या, ती किल्ली आता माझ्या पर्समध्ये आहे. घरी आले तर आई दारातच उभी होती, हात पुढे करून. मी माझा हात तिच्या हातात दिला. “खरखरीत लागली का?” म्हणाली. मी हो म्हटलं. तिने माझी बोटं गालाला लावली. मी आयुष्यात इतकं खोटं कधी बोलले नव्हते, आणि तेही नुसत्या हाताने.

एकच विचारते, सरळ उत्तर दे. तू पुसलंस? तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली? गोदामवाल्याने? चित्रवाल्यांनी? तसं असेल तर सांग, मी त्यांच्या दारात जाऊन बसते. आणि त्या दिवशी तू खरंच बाहेरगावी होतास का? तुझ्या खिडकीत टॉवेल वाळत होता.

ताई


३० मार्च

ताई,

बाहेरगावी नव्हतो. तू टाकीपाशी उभी राहून वर बघितलंस तेव्हा मी पडद्यामागे होतो. तू माझं नाव घेऊन दोन हाका मारल्यास. मी खाली बसलो, डोक्यावर हात घेऊन.

जबरदस्ती कुणी केली नाही. असती तर बरं झालं असतं. चित्र काढणारी मुलगी परदेशी होती, बरोबर दुभाषा. नोव्हेंबरात ती भिंतीसमोर उभी राहिली आणि त्याच्यामार्फत मला विचारलं, हे काय लिहिलंय, कुणाचं आहे, ठेवायचं आहे का? ती म्हणे म्हणाली, अक्षरं फार प्रेमाने काढलेली दिसतात, हवं तर मी चित्र ह्यांच्या भोवतीने काढते. ताई, तिने विचारलं! मागे आमचे चार कामगार उभे होते, पुट्टी कालवत. त्यांच्यात दोघांना बारक्याची गोष्ट माहीत होती. आणि मी म्हटलं, “कुणाचं काही नाही. जुनं आहे. पुसून टाकू.”

का म्हटलं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. लाज वाटली, हे एक. दुसरं, मी थकलो होतो. तुम्हाला तिकडे एक ओळ वाचायची असते. मी नऊ वर्षं शिडीवर चढून तेच वाक्य, तेच काने, त्याच मात्रा. दरवर्षी ‘ये’पर्यंत पोचलो की वाटायचं, हा मेलाय कुठेतरी आणि मी भिंतीशी बोलतोय. वाटलं, एकदाचं जाऊ दे. आईला तसंही दिसत नाही. दरवर्षी एक ओळ लिहून पाठवली की झालं. म्हणजे बघ, मी खोटंही आधीच ठरवून ठेवलं होतं. पांढऱ्याचा पहिला हात मारला तेव्हा खरं सांगतो, हलकं वाटलं. घरी येऊन झोपलो, गाढ.

आणि तो दरवर्षी येत होता. बोट लावून बघत होता. जानेवारीत तो तिथे उभा होता तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे एका जिन्याला रंग देत होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तुझं पत्र वाचलं आणि तसाच धावत किल्लीवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, कुठून यायचा, कुठे जायचा, काय करतो, काही विचारलं होतंस का? तो म्हणाला, नाही. एवढंच म्हणाला की बुटांवर सिमेंट असायचं. मी गावभर बांधकामांवर हिंडलो. चार दिवस. पालथं घातलं सगळं. ज्याला त्याला काय विचारणार? तिशीचा माणूस, खांद्याला पिशवी, बुटांवर सिमेंट. लोक म्हणतात, अहो, हे सगळे तसेच आहेत.

मग वाटलं, परत लिहावं, चित्रावरच. पहाटे शिडी लावली, त्या बाईच्या खांद्यावर लाल रंगाने सगळं वाक्य काढलं. नऊ वाजता देखभालीचा माणूस आला, फडकं ओलं केलं आणि दहा मिनिटांत भिंत लख्ख. एक ओघळसुद्धा राहिला नाही. मी दोन हात मारलेत ना पारदर्शक थराचे. ह्या वस्तीत माझ्याइतका सफाईने तो थर कुणी मारत नाही.

तरी रोज जातो. रोज पुसतात.

आईचा कागद लिहायला तीनदा बसलो. लिहिता आला नाही. तू तिला काही सांगू नकोस, ती सहन करू शकणार नाही. किल्ली लपवून ठेव.

मधला


१४ एप्रिल

मधल्या,

लपवता आली नाही. मी कामावर असताना आईने सुट्ट्या पैशांसाठी माझी पर्स चाचपली. संध्याकाळी आले तर ती पलंगावर बसलेली, मांडीवर दोन किल्ल्या, दोन्हींच्या ठिपक्यांवर दोन अंगठे. म्हणाली, “एक माझी. मधल्याची त्याच्याकडे. मग ही कुणाची?”

मी आधी म्हटलं, मधल्याकडूनच आणली. तिने किल्लीच्या दातांवरून बोट फिरवलं. बारक्याने लहानपणी त्या किल्लीने डब्याचं झाकण उघडायचा प्रयत्न केला होता, तेव्हापासून तिचा एक दात वाकलाय म्हणे. मला माहीतही नव्हतं. आईला होतं.

मग सगळं सांगितलं. तुझा तीस तारखेचा कागद वाचूनही दाखवला. तू नको म्हणाला होतास. पण मला आता दोन-दोन कागदांचं ओझं होतं रे. तुम्ही सगळे मला मध्ये उभं करता.

ती रडली नाही. रात्री जेवली नाही, सकाळी चहा घेतला. मग कागद मागितला. सोबत तिचं पत्र आहे. ओळी एकमेकींवर चढल्यात, पण लागेल तुला.

ताई


(आईचं पत्र)

मधल्या,

मी रागावले नाही असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल.

तो जिवंत आहे. अकरा वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हा तो निघून गेला होता. किल्ली टाकून गेला. ती त्याने अकरा वर्षं खिशात ठेवली, हे तुला कळतंय ना?

तो भिंतीला बोट लावायचा आणि वर चढायचा नाही. मी वर असायचे, चार वर्षांपूर्वी ताईकडे येईपर्यंत. मी खिडकीत बसून वाट बघायचे आणि तो खाली उभा असायचा. आईच्या घरी यायला त्याला कसला धीर लागत होता? तुझ्या हाताचं अक्षर बघून तो खूश का व्हायचा? मला कुणी काही सांगितलेलं नाही. तू सांग.

आणि एक सांग. पुसताना सगळ्यात शेवटी काय पुसलंस? मला पाठ आहे ते सगळं. मला बघायचंय, कुठपर्यंत राहिलं होतं.

एकच कागद पाठव. ताईचा वेगळा नको.

दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आहेत. तुला पाठवणार नाही.

आई


२२ एप्रिल

आई,

एकच कागद आहे. ताई, हे तिला वाचून दाखव आणि काही गाळू नकोस.

तो परीक्षेत नापास झाला म्हणून गेला, असं मी तुला सांगितलं होतं. ते खरं नाही. मी त्याला माझ्याबरोबर कामाला घेतलं होतं, तुला न सांगता. त्याने परांचीची दोरी नीट बांधली नाही आणि रंगाचा डबा खाली एका माणसाच्या पायाशी पडला. कुणाला लागलं नाही. पण मी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली, दोनदा. आणि म्हटलं, “परत घरात पाऊल टाकू नकोस. माझ्यासमोर येऊ नकोस.” तो खाली उतरला, हात धुतले आणि गेला. मला वाटलं, संध्याकाळी येईल. मला वाटलं, ऐकून घेईल नेहमीसारखं.

म्हणून त्याला धीर लागत होता. तू बोलावतेस हे त्याला माहीत होतं, तू तर बोलावणारच. त्याला माझं बोलावणं हवं होतं. दरवर्षी येऊन तो तेच बघून जायचा, की दादाने यंदाही लिहिलंय. आणि मला हे कळलं असतं तर मी पूर्ण गोदाम रंगवलं असतं. पण मला काहीच कळलं नव्हतं, मी फक्त तू सांगायचीस म्हणून लिहायचो. हेही आता तुला सांगून टाकतो.

त्या दिवशी मी डावीकडून सुरुवात केली. त्याचं नाव आधी गेलं. मग घर, मग गल्ली, मग टाकी. दुसरा मजला गेला तेव्हा जेवणाची सुट्टी झाली. शेवटचा शब्द तेवढा राहिला होता. ‘ये.’ पांढऱ्या भिंतीवर एकटाच. मी समोरच्या कठड्यावर बसून डबा खाल्ला. अर्धा तास तो माझ्यासमोर होता, आई. मी त्याच्याकडे बघत जेवलो. मग हात धुतले, रोलर भिजवला आणि पुसला.

तुला हे वाचून काय होईल, मला माहीत आहे. पण तू विचारलंस.

मी अजून रोज पहाटे जातो. सगळं वाक्य लिहायला दीड तास लागायचा, म्हणून आता तेवढा एकच शब्द लिहितो, मोठा, हाताला शिडीवरून पोचेल तेवढा. देखभालीचा माणूस वाईट नाही. आधी तक्रार करीन म्हणायचा. आता म्हणतो, “काका, कशाला त्रास घेता? मला पुसावंच लागतं.” मी म्हणतो, पूस बाबा, तुझं काम आहे. पहाटे सहापासून नऊपर्यंत तो शब्द भिंतीवर असतो. पण बारक्या यायचा तो दुपारी, असं किल्लीवाला सांगतो. शिवाय यायचा तो जानेवारीत. आणि ज्याने किल्ली टाकली तो कशाला येईल? हे मलाही कळतं.

काल सकाळी अंगात ताप होता, उशीर झाला. शिडी लावतोय तोवर फेरीची मंडळी आली, छत्रीवाली पुढे. मी लिहीतच राहिलो. त्यातल्या एका बाईने विचारलं, हे चित्राचाच भाग आहे का? छत्रीवाली म्हणाली, “नाही नाही, हे इथले एक रंगारी आहेत, रोज येतात. कुणाला बोलावतात ते काही आम्हाला माहीत नाही.” मग त्यांनी माझा फोटो काढला. मी शब्द पुरा केला आणि खाली उतरलो. ते सगळे अजून तिथेच होते, तेवढ्यात फडकं घेऊन देखभालीचा माणूस आला.

मधला